मेंदूचं सीटी परफ्युजन: रंगाआधी आलेख

“रात्री साडेदहाला जेवून झोपले. पहाटे पाचला चहाला उठवायला गेले तर उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालेलं, काय बोलतात ते कळेना.” जुन्नर, वेल्हे, दौंड, इंदापूर, कुठूनही पुण्यात आणलेल्या पेशंटच्या घरचे बहुतेक वेळा अशीच हकिगत सांगतात. त्यांच्या बोलीत अंगावरून वारं गेलेलं असतं. आपलं घड्याळ मात्र पहाटे पाचऐवजी रात्री साडेदहाला सुरू करावं लागतं, कारण माणूस धडधाकट दिसल्याची ती शेवटची वेळ. सीटीच्या टेबलावर येईतो नऊ-दहा तास उलटलेले असतात. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत गेली, गुठळी ओढून काढण्याची नेहमीची सहा तासांची मुदतही गेली.

मेंदूच्या कुठल्या भागात किती रक्त पोचतंय हे मोजणारं सीटी परफ्युजन खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं ते इथे. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ सालचा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. पण ती सरासरी झाली. शेजारच्या वाहिन्यांमधून आडवाटेने रक्त पोचत असेल, तर एखाद्याचा मेंदू बारा तासांनीही बराचसा वाचलेला असतो. आडवाटा नसतील तर दोन तासांत सगळं संपलेलं असतं. टेबलावरचा पेशंट यातला कोणता, हे परफ्युजन दाखवतं.

हे टिपण सीटीच्या खोलीत उभं राहणाऱ्या टेक्निशियनसाठी आणि रात्रपाळीत पहिला रिपोर्ट सांगणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो: स्कॅन कितीही बिघडलेला असो, सॉफ्टवेअर त्यातून रंगीत नकाशा काढून देतंच. नकाशावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्याच्याखालच्या दोन आलेखांवरून ठरतं. म्हणून आधी आलेख, मग रंग.

कधी करायचं, कधी थांबायचं नाही

क्रम असा ठेवा: आधी डायशिवायचा (डाय म्हणजे शिरेतून सोडायचं आयोडीनचं द्रव) साधा सीटी, मग महाधमनीच्या कमानीपासून टाळूपर्यंत अँजिओग्राफी (डाय देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी), मग परफ्युजन. काही ठिकाणी परफ्युजन अँजिओच्या आधी करतात. तेही चालतं, पण आपल्या विभागात एकच क्रम पक्का असावा. रात्री तीन वाजता क्रमावर चर्चा नको.

साध्या सीटीत रक्तस्राव नाही, पेशंट साडेचार तासांच्या आत आहे, साखर तपासलेली आहे आणि इंजेक्शन द्यायला अडचण नाही, अशा वेळी इंजेक्शन टेबलावरच सुरू करावं. परफ्युजनसाठी ते अडवून ठेवणं ही चूक आहे. सहा तासांच्या आत मोठी वाहिनी बंद दिसली आणि साध्या सीटीत मेंदू बऱ्यापैकी शाबूत दिसला, तर गुठळी काढण्याचा निर्णयही परफ्युजनशिवाय घेता येतो. सहा ते चोवीस तासांतले पेशंट, झोपेतून उठताना लक्षात आलेला पक्षाघात आणि “नक्की कधी झालं माहीत नाही” असे पेशंट, यांच्यासाठी ते करायचंच.

नातेवाईकांना प्रश्न विचारताना “कधी झालं?” असं विचारू नका; त्याचं उत्तर “आत्ता सकाळी” असंच येतं. “शेवटचं नीट चालता-बोलताना कोणी, किती वाजता पाहिलं?” असं विचारा. रात्री बाथरूमला उठले होते का, फोनवरून शेवटचा मेसेज किती वाजता गेला, हेही विचारा. एवढ्याने चार तासांचा फरक पडू शकतो.

क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या, रिपोर्टसाठी थांबायचं नाही. नमुना घ्या, स्कॅन करा, रिपोर्ट मागाहून बघा. पेशंटला पूर्वी डायची मोठी अ‍ॅलर्जी झाली होती का, डायलिसिस चालू आहे का, बाई गरोदर आहे का, एवढं मात्र विचारून घ्या.

मोजतो काय

मूळ कल्पना १९८० सालची. लिऑन अ‍ॅक्सेल यांनी तेव्हा मांडलं की शिरेतून डाय झटक्यात सोडायची, मेंदूच्या त्याच भागाचे झरझर सीटी घेत राहायचं आणि डाय आली कधी, किती आली, गेली कधी यावरून रक्तप्रवाह काढायचा. सीटीत हे जमतं, कारण ऊतीतलं आयोडीन जितकं वाढेल तितकी तिची हाउन्सफील्ड संख्या, म्हणजे सीटीतल्या उजळपणाचा आकडा, सरळ प्रमाणात वाढते.

कालव्याचं उदाहरण घ्या. कालव्याच्या एका टप्प्यात या क्षणी साठलेलं पाणी म्हणजे सीबीव्ही. त्यातून मिनिटाला वाहून जाणारं पाणी म्हणजे सीबीएफ. पाण्याच्या एका थेंबाला तो टप्पा ओलांडायला लागणारा सरासरी वेळ म्हणजे एमटीटी. साठा भागिले वेळ म्हणजे प्रवाह, एवढंच सूत्र. चौथा आकडा टीमॅक्स: डायची लाट धमनीच्या मानाने ऊतीत किती सेकंद उशिरा पोचली, हे तो सांगतो.

निरोगी मेंदूत सीबीएफ दर १०० ग्रॅमला मिनिटाला सरासरी ५० ते ६० मिलिलिटर असतो. करड्या भागात जास्त, पांढऱ्या भागात २० ते २५. तो २०च्या खाली गेला की पेशींचं विजेचं काम थांबतं, म्हणजे हात उचलत नाही. पण पेशी जिवंत असते. १०च्या आसपास आला की पेशीची भिंतच ढासळायला लागते. या दोन पातळ्यांमधला भाग म्हणजे पेनम्ब्रा. तो गप्प पडलेला असतो, मेलेला नसतो. आपली सगळी धावपळ त्याच्यासाठी.

वरचा दरवाजा बंद झाला की पेनम्ब्रामधल्या बारीक वाहिन्या रुंदावतात आणि आडवाटेने येणारं थोडं रक्त धरून ठेवतात. म्हणून तिथे प्रवाह घटतो, वेळ वाढतो, पण साठा टिकतो, कधी कधी वाढतोही. साठाही कोसळला, तर तो भाग बहुधा गेलेला असतो. पुढचं सगळं वाचन या दोन वाक्यांवर उभं आहे.

सुई, डाय आणि मान

अर्धेअधिक बिघडलेले स्कॅन सुईपाशीच बिघडतात. उजव्या कोपराच्या खोबणीत हिरवी, म्हणजे १८ गेजची व्हेनफ्लॉन हवी. गुलाबी, २० गेजची, चांगल्या शिरेत बसली असेल तर चालते. मनगटावरच्या निळ्या २२ गेजच्या सुईतून ३ मिलिलिटर प्रति सेकंदाच्या पुढे ढकलायला जाऊ नका. शीर फुटते, डाय हातात उतरते आणि आलेख सपाट येतो. अशा वेळी इंजेक्टर लगेच थांबवा, हात उंच धरा, बर्फाचा शेक द्या आणि दुसरी शीर शोधा.

उजवाच हात का? डाव्या हाताची मोठी शीर छातीत उरोस्थी आणि धमन्यांच्या मधून आडवी जाते. वयस्कर पेशंटमध्ये ती तिथे चेपलेली असते. डाय अडखळते, थोडी मानेच्या शिरेत उलटी चढते, आणि झटक्यात सोडलेली डाय पसरट होऊन मेंदूत पोचते. उजवी शीर मिळतच नसेल तर डावी घ्या, पण टिपणात लिहा. रिपोर्ट देणाऱ्याला पसरट आलेखाचं कारण कळेल. गावच्या दवाखान्यातून सलाइन लावून आलेल्या पेशंटची आधीची सुई वापरण्याचा मोह होतो. ती रात्रभर आत असते, टोक शिरेच्या भिंतीला टेकलेलं असतं. नवी सुई टाकायला दोन मिनिटं लागतात, ती द्या.

डायचं प्रमाण: मिलिलिटरला ३५० ते ३७० मिलिग्रॅम आयोडीन असलेली डाय ४० मिलिलिटर, वेग ५ मिलिलिटर प्रति सेकंद, आणि तिच्या मागोमाग त्याच वेगाने ४० मिलिलिटर सलाइन. म्हणजे ८ सेकंद डाय, ८ सेकंद सलाइन. सलाइन नुसतं धुवायला नसतं; दंडाच्या शिरेत रेंगाळणारी डाय ते एका गठ्ठ्याने हृदयाकडे लोटतं. सलाइन विसरलं तर आलेखाला लांब शेपूट येतं. हिशेब करून बघा: ३७०ची डाय ५च्या वेगाने गेली तर सेकंदाला १.८५ ग्रॅम आयोडीन जातं, ३००ची गेली तर १.५. तिचं शिखर बुटकं येतं आणि गोंगाट, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, तोच राहतो. कपाटात ३००चीच असेल तर वेग जमेल तेवढा वाढवा, नुसतं प्रमाण वाढवून फायदा नाही.

डायच्या आधी २० मिलिलिटर सलाइन त्याच वेगाने सोडून बघा. बोट सुईच्या पुढे, शिरेवर ठेवा. सलाइन नीट जात असेल तर बोटाखाली गार थरथर जाणवते. फुगवटा आला तर तिथेच थांबा.

आता मान. मेंदूच्या करड्या भागाची हाउन्सफील्ड संख्या डायने जेमतेम ५ ते १०ने वाढते. एवढ्याशा वाढीवर सगळं गणित चालतं, त्यामुळे डोकं दोन-तीन मिलिमीटर हललं तरी हाडाची कड मेंदूवर सरकते आणि खोटा प्रवाह दिसतो. डोकं हेडरेस्टमध्ये, दोन्ही बाजूंना फोम, कपाळावर आणि हनुवटीवर पट्टा. पेशंटला आधी सांगा: “आजोबा, एक मिनिट मान हलवायची नाही. अंगातून गरम लाट जाईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, घाबरू नका. टेबल पुढे-मागे होईल.” ती गरम लाट आल्यावरच बहुतेक पेशंट मान उचलतात, आणि डाय पोचायची वेळ नेमकी तीच. वाचा गेलेल्या पेशंटला शब्द कळतीलच असं नाही. खांद्यावर हात ठेवून, हातवाऱ्याने सांगा. फार तळमळत असेल तर सौम्य गुंगीचा निर्णय डॉक्टरांनी आधीच घ्यावा.

स्कॅनची मांडणी

व्होल्टेज ८० केव्ही, यंत्रात सोय असेल तर ७०. १२० कधीच नाही. आयोडीन ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा वर किरण सगळ्यात जास्त शोषतं. व्होल्टेज जितकं कमी तितकी डाय उठून दिसते आणि डोसही घटतो. करंट १०० ते २०० एमएएसच्या मध्ये कुठेतरी.

डाय सोडायला सुरुवात झाल्यावर ५ सेकंदांनी स्कॅन सुरू करा, म्हणजे डाय पोचायच्या आत दोन-तीन कोऱ्या फेऱ्या मिळतात. सॉफ्टवेअर पुढच्या प्रत्येक फेरीतून ही कोरी फेरी वजा करतं. उशिरा सुरू केलं तर वजा करायला पाया उरत नाही. पहिली ३५ ते ४० सेकंदं दर दीड-दोन सेकंदाला एक फेरी, त्यानंतर दर तीन सेकंदांना एक. एकूण वेळ किमान ६० सेकंद, शक्यतो ७०.

शेवटच्या दहा सेकंदांची काटकसर सगळ्यात महाग पडते. हृदयाचं पंपिंग २५-३० टक्क्यांवर आलेल्या, किंवा ठोके अनियमित असलेल्या पेशंटमध्ये डाय मेंदूत पोचायलाच तीस सेकंद लागतात. पक्षाघाताच्या पेशंटमध्ये असे पुष्कळ. ४५ सेकंदांत थांबलात तर लाट उतरायच्या आत चित्र कापलं जातं, साठा कमी मोजला जातो, आणि नकाशावरचा मेलेला भाग खरा राहत नाही. पेशंटचं हृदय कमजोर असल्याचं आधी कळलं तर ७५-९० सेकंदांचा वेगळा प्रोटोकॉल यंत्रात तयार ठेवा.

किती उंचीचा मेंदू पकडायचा हे यंत्रावर अवलंबून आहे. ६४ स्लाइसच्या यंत्रात टेबल न हलवता ४ सेंटिमीटरच मिळतात. टेबल पुढे-मागे करणाऱ्या पद्धतीत ८ सेंटिमीटरच्या आसपास मिळतात, आणि ३२० स्लाइसच्या रुंद यंत्रात १६, म्हणजे सगळा मेंदू. चारच सेंटिमीटर असतील तर खालची कड डोळ्यांच्या खोबणीच्या छताच्या जरा वर ठेवा आणि पट्टा त्या छताला समांतर कलता घ्या. त्यात बेसल गँग्लिया (मेंदूच्या गाभ्यातले करडे पुंजके), त्यावरचा मधल्या धमनीचा प्रदेश, पुढच्या धमनीचा उभा तुकडा आणि मागची मोठी शीर हे सगळं यायला हवं, आणि डोळ्याची भिंगं बाहेर राहायला हवीत. चार सेंटिमीटरमध्ये मेलेल्या भागाचं आकारमान पूर्ण कळत नाही. रिपोर्टमध्ये तसं लिहायला लाजू नये.

चित्रं ५ ते १० मिलिमीटर जाडीची, मऊ फिल्टरने बनवा. पातळ चित्रात गोंगाट एवढा असतो की ५ हाउन्सफील्डची वाढ त्यात बुडून जाते.

डोसचा आकडा बटण दाबायच्या आधी बघा

परफ्युजनमध्ये एकाच पट्ट्यावर पंचवीस-तीस वेळा किरण पडतात. मांडणी नीट असेल तर कन्सोलवरचा सीटीडीआय, म्हणजे किरणांच्या डोसचा आकडा, साधारण १०० ते ३०० मिलिग्रेमध्ये राहतो. ५००च्या वर दिसला तर थांबा, काहीतरी चुकलं आहे.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधल्या एका रुग्णालयात २००९ साली उघडकीला आलं की दीड वर्षात दोनशेहून जास्त पेशंटना अपेक्षित अर्ध्या ग्रेच्या जागी ३ ते ४ ग्रे डोस गेला होता. काहींच्या डोक्यावर पट्ट्याच्या आकारात केस गळले, तेव्हा कुठे कळलं. एकदा बदललेली सेटिंग यंत्रात तशीच राहिली आणि कन्सोलवर समोर दिसणारा आकडा महिनोन् महिने कोणी वाचला नाही. आपोआप करंट ठरवणारी सोय परफ्युजनमध्ये बंद ठेवा. चित्र गुळगुळीत यावं म्हणून ती करंट वाढवत नेते. प्रोटोकॉल बदलायचा अधिकार विभागात एक-दोघांकडेच असावा. यंत्र दुरुस्त झालं किंवा सॉफ्टवेअर नवं टाकलं की पहिल्या पेशंटच्या आधी केव्ही, एमएएस, फेऱ्यांची संख्या आणि सीटीडीआय हे चार आकडे कागदावरच्या नोंदीशी ताडून बघा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्यासाठी गुणवत्ता तपासणी करावीच लागते, त्याच फायलीत हा कागद ठेवा.

आलेख

सॉफ्टवेअर नकाशाबरोबर दोन रेषा देतं. एक धमनीची, एक शिरेची. नकाशाचं पान उघडायच्या आधी यांच्यासाठी तीस सेकंद काढा.

धमनीची रेषा बहुधा पुढच्या धमनीच्या उभ्या तुकड्यातून किंवा निरोगी बाजूच्या मधल्या धमनीतून घेतलेली असते. उभी वाहिनी चित्राला काटकोनात छेदते, म्हणून ठिपका स्वच्छ मिळतो. शिरेची रेषा मागच्या मोठ्या शिरेतून येते. चांगल्या स्कॅनमध्ये काय दिसतं? सुरुवातीचे काही सेकंद दोन्ही रेषा जमिनीलगत सपाट. मग धमनी एकदम चढते, समजा १८व्या सेकंदाला शिखर गाठते आणि तेवढ्याच उताराने खाली येते. शिरेची रेषा सहा-आठ सेकंदांनी मागाहून चढते आणि तिचं शिखर धमनीपेक्षा उंच असतं. शीर जाड असते, तिच्यात शेजारच्या मेंदूची भेसळ होत नाही. धमनी बारीक, तिच्यात होते. सॉफ्टवेअर शिरेच्या उंचीवरूनच धमनीची उंची दुरुस्त करून घेतं. साठ सेकंद व्हायच्या आत दोन्ही रेषा परत जमिनीजवळ टेकतात.

बिघाड ओळखायला सोपे आहेत. सुरुवातच चढत्या रेषेने झाली, तर स्कॅन उशिरा सुरू झाला. शिखर बुटकं आणि रुंद, तर सुई, वेग किंवा हृदय यातलं काहीतरी. शेवटपर्यंत रेषा उतरलीच नाही, तर वेळ कमी पडला. करवतीसारखे दाते दिसले, तर डोकं हललं. धमनी आणि शीर एकाच वेळी चढल्या, तर सॉफ्टवेअरने ठिपका चुकीच्या वाहिनीवर ठेवला. तो हाताने हलवा. बंद पडलेल्या वाहिनीच्या पुढे धमनीचा ठिपका पडला असेल तरी हलवा, नाहीतर आजारी बाजूच मोजपट्टी बनते आणि उशीर लपतो.

हालचाल झाली असेल तर फेऱ्या एकामागून एक चालवून बघा. दोन-तीनच बिघडल्या असतील आणि त्या शिखराच्या वेळच्या नसतील, तर तेवढ्या काढून पुन्हा गणित करता येतं. शिखरच हललं असेल तर परफ्युजन सोडून द्या, साध्या सीटीवर आणि अँजिओवर निर्णय करा. वाईट परफ्युजनपेक्षा परफ्युजन नसलेलं बरं.

नकाशे वाचताना

पहिला नकाशा टीमॅक्सचा. उशीर कुठे आहे, आणि तो अँजिओत बंद दिसलेल्या वाहिनीच्या प्रदेशाशी जुळतो का, एवढं बघा. मग सीबीएफ, मग सीबीव्ही. रंगांचे अर्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे. एकात लाल म्हणजे भरपूर, दुसऱ्यात लाल म्हणजे उशीर. कडेची रंगपट्टी वाचल्याशिवाय “लाल दिसतंय” असं फोनवर सांगू नका.

सर्वाधिक वापरात असलेले उंबरठे दोन. निरोगी भागाच्या तुलनेत सीबीएफ ३० टक्क्यांच्या खाली गेला, तो मेलेला भाग, म्हणजे कोअर. टीमॅक्स ६ सेकंदांच्या वर, तो धोक्यातला सगळा भाग. दुसऱ्यातून पहिला वजा केला की वाचवता येण्यासारखा भाग उरतो. समजा कोअर २२ मिलिलिटर आणि टीमॅक्सचा भाग ९८. फरक ७६, गुणोत्तर ४.५. याच्यासाठी कॅथलॅब, म्हणजे गुठळी ओढून काढायची खोली, उघडायची. कोअर ८५ आणि टीमॅक्सचा भाग १०५ असेल तर फरक २०, गुणोत्तर १.२, इथे वाचवायला फार उरलेलं नाही. कोअर शून्य आला तर गुणोत्तर निघत नाही, त्याने गोंधळून जाऊ नका, फरक बघा. हे उंबरठे एका सॉफ्टवेअरचे दुसऱ्याला लावू नयेत. काही कंपन्या सीबीव्हीवरून कोअर काढतात, त्यांचे आकडे वेगळे येतात.

आणखी एक उपयोगी आकडा टीमॅक्स १० सेकंदांच्या वरच्या भागाचा. त्याला ६ सेकंदांच्या भागाने भागा. उत्तर ०.४च्या खाली आलं तर आडवाटा चांगल्या आहेत, कोअर सावकाश वाढेल. बारामतीहून पुण्याकडे पाठवलेल्या पेशंटला रस्त्यात दोन-अडीच तास लागणार असतील, तर हा आकडा फोनवर सांगण्यासारखा आहे.

फसवणारी चित्रं

जुना पक्षाघात. पाच वर्षांपूर्वीचा वाळलेला भाग नकाशावर कोअर म्हणून रंगतो, कारण तिथे प्रवाह खरोखरच नाही. साध्या सीटीत तो पाण्यासारखा काळा, आक्रसलेला दिसतो. म्हणून नकाशा आणि साधा सीटी कायम शेजारी-शेजारी उघडा ठेवा.

उलट चूक जास्त घातक. गुठळी आपोआप सुटली आणि मेलेल्या भागात रक्त परत धावलं, तर नकाशा सुंदर, निरोगी दिसतो. साध्या सीटीत मात्र तो भाग काळसर पडलेला असतो. इथे साध्या सीटीचं ऐका.

पहिल्या तास-दीड तासातला कोअर मोठा दिसतो आणि वाहिनी लवकर उघडली तर त्यातला बराच भाग पुढे जिवंत निघतो. लवकर आलेल्या पेशंटला नकाशातल्या मोठ्या कोअरवरून नाकारू नये.

गळ्यातली धमनी जुनी अरुंद असेल तर त्या बाजूचा अख्खा अर्धा मेंदू टीमॅक्समध्ये उशिराचा दिसतो, पण साठा आणि प्रवाह ठीक असतात. अँजिओत गळा बघितलाच नसेल तर इथे फसायला होतं. हृदय कमजोर असेल तर दोन्ही बाजूंना, प्रदेशांच्या सीमांवर सारखा उशीर दिसतो. एकाच धमनीच्या प्रदेशात बसत नाही.

फिट. चालू फिटमध्ये प्रवाह वाढलेला आणि वेळ कमी झालेला दिसतो. फिट संपल्यावर उलट, प्रवाह घटलेला दिसतो. कोणत्याही वेळी चित्र धमनीच्या प्रदेशाची हद्द पाळत नाही, ही खूण. अर्धशिशीतही असंच, हद्द ओलांडून पसरलेलं.

लहानसा खोल पक्षाघात आणि मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात परफ्युजनमध्ये निसटतो. कवटीच्या तळाची जाड हाडं मागच्या भागात काळे पट्टे पाडतात. चक्कर, तोल जाणं, दुहेरी दिसणं घेऊन आलेल्या पेशंटचा नकाशा स्वच्छ असला तरी त्याला घरी पाठवू नका, एमआरआय करा.

मेंदूत मोठा पक्षाघात असताना विरुद्ध बाजूच्या लहान मेंदूत प्रवाह कमी दिसला तर घाबरू नका. वरून येणारे संदेश थांबले म्हणून तो भाग मंदावलेला असतो, तिथे दुसरी गुठळी नसते.

आकड्यांवरून निर्णय

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डिफ्यूज-३ या अभ्यासाने ६ ते १६ तासांतल्या पेशंटसाठी निकष घातले: कोअर ७० मिलिलिटरच्या आत, फरक किमान १५ मिलिलिटर, गुणोत्तर किमान १.८. त्याच वर्षीच्या डॉन अभ्यासाने मुदत २४ तासांपर्यंत नेली. त्यात कोअरचा आकार पेशंटचं वय आणि लक्षणांची तीव्रता यांच्याशी जोडून बघितला होता. ८० वर्षांच्या वरच्या पेशंटला कोअर २१ मिलिलिटरच्या आत हवा, एवढं लक्षात ठेवा. २०१९च्या एक्स्टेंड अभ्यासात साडेचार ते नऊ तासांत इंजेक्शनसाठी परफ्युजन वापरलं. तिथे गुणोत्तर १.२च्या वर आणि फरक १० मिलिलिटरच्या वर पुरेसा धरला.

७०चा आकडा आता दगडावरची रेघ राहिलेला नाही. २०२२पासून प्रसिद्ध झालेल्या, जपान, चीन आणि अमेरिकेतल्या मोठ्या कोअरवरच्या अभ्यासांत त्या पेशंटनाही गुठळी काढल्याचा फायदा दिसला. तेव्हा ७५ मिलिलिटर आला म्हणून रिपोर्टमध्ये “अयोग्य” असा शब्द लिहू नका. आकडा लिहा, निर्णय पेशंट बघणाऱ्या टीमवर सोडा.

पक्षाघाताखेरीज मेंदूभोवतीच्या रक्तस्रावानंतर, साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसांत वाहिन्या आवळतात तेव्हाही परफ्युजन कामाला येतं. तिथे आधीच्या स्कॅनशी तुलना करायची असते, म्हणून पट्टा आणि सेटिंग दर वेळी तीच ठेवा.

तोंडी रिपोर्ट देताना क्रम ठेवा: रक्तस्राव आहे की नाही, कोणती वाहिनी कुठे बंद, स्कॅनचा दर्जा, कोअर, टीमॅक्सचा भाग, फरक. दर्जा तिसऱ्या क्रमांकाला मुद्दाम आहे; आकडे एकदा कानावर पडले की नंतर “पण डोकं हललं होतं” हे कोणी ऐकत नाही. पेशंट दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना ग्रुपवर नुसत्या रंगीत पानाचा फोटो टाकण्याची सवय सगळीकडे पडली आहे. त्यासोबत आलेखांच्या पानाचा, रंगपट्टीचा आणि साध्या सीटीच्या बेसल गँग्लियाच्या चित्राचा फोटोही टाका, आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये सगळ्या फेऱ्यांची सीडी द्या. तिकडचे डॉक्टर गणित पुन्हा करू शकतील आणि पेशंटला दुसऱ्यांदा डाय द्यावी लागणार नाही.